धरायचं की नाही

"मामा, डेटाचं मरण एकदा धरायचं की दोनदा?"

रविवारची दुपार. ताईकडे आमरस झालेला आणि मी दिवाणावर आडवा, एक डोळा मिटलेला. भाचा जेवणाच्या टेबलाशी बसून 'स्टार ट्रेक' या अमेरिकन अंतराळ-मालिकेतल्या आणि तिच्या सिनेमांतल्या मेलेल्यांची यादी करत होता. कागद कुठला, तर फ्रिजवर चुंबकाने लावलेला इस्त्रीच्या कपड्यांचा हिशेब. पाठ कोरी दिसली म्हणून पठ्ठ्याने ओढला.

डेटा हा यंत्रमानव. २००२च्या सिनेमात आपल्या कॅप्टन पिकार्डला वाचवताना शत्रूच्या जहाजासकट त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. २०२०च्या मालिकेत कळलं, की त्याची जाणीव अजून शिल्लक आहे. ती भेटली आणि कॅप्टनला म्हणाली, आता मला बंद कर. केलं बंद. २०२३मध्ये स्वारी पुन्हा हजर.

"दोनदा धर," मी म्हटलं आणि झोप उडाली ती उडालीच.

याला कॅनन म्हणतात म्हणे. गोष्टीतलं कुठलं खरं मानायचं आणि कुठलं सोडून द्यायचं, यावर जगभरची शहाणीसुरती माणसं रात्र-रात्र भांडतात. मराठीत 'अधिकृत' म्हणावं तर तहसील कचेरीतला शिक्का डोळ्यांपुढे येतो. 'धरायचं' हाच आपला शब्द. आमच्या वाड्यातली निम्मी भांडणं त्याच्यावरच चालायची. "हा आउट धरायचा नाही, मी टाइम प्लीज म्हटलं होतं." "तो कच्चा लिंबू आहे, त्याच्यावर राज्य नाही धरायचं." आमच्यातला कच्चा लिंबू बिचारा दुपारभर जीव खाऊन पळायचा, पडायचा, गुडघे फोडून घ्यायचा, आणि त्याचं काहीच कुठे लागू व्हायचं नाही. स्टार ट्रेकच्या कादंबऱ्यांचं अगदी तस्सं आहे. शेकड्यांनी आहेत. त्यांत लग्नं होतात, लढाया होतात, माणसं मरतात. पडद्यावरच्या मंडळींना त्याचा पत्ताही नसतो.

हुतूतूत तर मरणाचे रीतसर कायदे होते. आमचे पीटीचे सर जुन्या वळणाचे. खेळ सुरू करण्याआधी मैदानाच्या मध्ये उभे राहून विचारायचे, "काय खेळायचं? संजीवनी, गनिमी की अमर?" संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक मेलेला गडी जिवंत होऊन आत यायचा. गनिमीत मेला तो मेला, डाव संपेपर्यंत रेषेबाहेर बस. अमरमध्ये मेलेला गडी मैदानातच राहायचा, समोरच्यांना फक्त गुण मिळायचा. आम्ही एका सुरात ओरडायचो, "संजीवनी!" गनिमी कोणाला हवा असतो?

स्टार ट्रेक आमच्या घरी आलं ते दूरदर्शनवरून, ऐंशीच्या दशकात, रविवारी सकाळी. या मालिकेत लाल शर्टातला खलाशी परग्रहावर उतरला की हमखास मरतो, हा जगप्रसिद्ध विनोद. आम्हाला तो कळलाच नाही, कारण आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. सगळ्यांचेच शर्ट राखाडी. त्यामुळे आम्ही प्रत्येकासाठी सारखंच घाबरायचो. पुढे रंगीत भाग पाहिले तेव्हा तो कोपऱ्यातला पोरगा पहिल्याच मिनिटाला 'गेला' म्हणून ओळखता यायला लागला, आणि त्याच्याकडे नीट बघणंच थांबलं. रंगीत टीव्हीने माझं एवढं नुकसान केलं. मात्र जहाजाचा इंजिनिअर स्कॉटीही लालच शर्ट घालायचा. १९६७च्या एका भागात एक उडतं यंत्र त्याला ठार मारतं, आणि त्या मालिकेतल्या कॅप्टनने, किर्कने, सांगितल्यावर दुरुस्त करूनही देतं. मिक्सर परत मिळावा तसा.

भाच्याने लिहिलं : लाल शर्ट – मोजले नाहीत.

स्पॉक, म्हणजे किर्कचा परग्रहावरचा दोस्त, मेला १९८२च्या सिनेमात. मी पाहिलं बऱ्याच नंतर, भाड्याच्या व्हीसीआरवर, आणि तेही उलटं. कॅसेटवाल्याकडे तिसराच सिनेमा होता, तो परत येतो तो. त्याच्या सुरुवातीला आधीच्या सिनेमातला मरणाचा तुकडा दाखवतात. म्हणजे स्पॉकचं मरण मी पाहिलं ते 'मागील भागावरून पुढे' म्हणून. जिवंत होणार हे कॅसेटच्या खोक्यावरच छापलेलं, तरी आई म्हणाली, "अरे रडतोस काय?" पूर्ण प्रसंग कितीतरी वर्षांनी पाहिला. इंजिन सुरू करायला तो एकटा किरणोत्सर्गाच्या खोलीत शिरलेला. काचेपलीकडे किर्क. चेहरा भाजलेला स्पॉक कसाबसा उठतो, आधी अंगातलं जाकीट खाली ओढून नीट करतो आणि मग किर्ककडे चालत येताना काचेवर आपटतो. दिसतच नसतं त्याला. दोन वर्षांनी त्याला परत आणला म्हणून त्या जाकीट ओढण्याची किंमत कमी झाली का? माझ्या मते अजिबात नाही. पण हे संजीवनीवाल्याचं मत झालं.

धरण्या-न धरण्यात आपण पुणेकर काही कमी नाही. भांडारकर संस्थेत १९१९पासून महाभारताच्या १२००हून अधिक पोथ्या लावून, जुळवून चिकित्सक आवृत्ती केली. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही गोष्ट तिथे मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. माझ्या आजीला हे सांगितलं तेव्हा ती निवडत असलेल्या मेथीवरून मान वर न करता म्हणाली, "ठेवू देत कुठेही. चतुर्थीला आपल्याकडेच येतो ना?" ते काम पुरं झाल्याचं राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी जाहीर केलं २२ सप्टेंबर १९६६ला. त्याच महिन्याच्या ८ तारखेला अमेरिकेत स्टार ट्रेकचा पहिला भाग लागला होता. याचा अर्थ काय? काही नाही. मला आपली गंमत वाटते.

स्टार ट्रेकवाल्यांकडेही क्षेपकं, म्हणजे मागाहून घुसलेल्या गोष्टी, आहेतच. सुरुवातीच्या एका भागात किर्कचा दुष्ट झालेला मित्र त्याच्यासाठी आधीच थडगं तयार ठेवतो. दगडावर नाव, जेम्स आर. किर्क. पुढे मधलं नाव ठरलं टायबेरियस. म्हणजे आद्याक्षर टी. हे टायबेरियस आलं १९७३-७४च्या कार्टून मालिकेतून. ती मालिका धरायची नाही असं मध्यंतरी ठरलं होतं, पण नाव मात्र ठेवून घेतलं. पाहुण्याला हाकलायचं आणि त्याने आणलेला पेढ्यांचा पुडा ठेवून घ्यायचा, अशातली गत.

"किर्क लिहू? १९९४," भाचा म्हणाला.

"तो धरायचा नाही."

"का?"

इथे माझी खोड आहे, आणि तिच्यामागे कारण नाही. किर्कचं मरण आधी पाठीत गोळी लागून चित्रित केलं होतं. चाचणीच्या खेळाला लोकांना ते रुचलं नाही, म्हणून पुन्हा चित्रीकरण करून त्याला लोखंडी पुलासकट खाली पाडला. अहो, सबंध आकाशगंगा पालथी घातलेला माणूस आणि पूल अंगावर पडून मरतो? ते तर आमच्याकडेही होतं. विल्यम शॅटनरलाही पटलं नसावं. ज्याने किर्कचं काम केलं, त्यानेच पुढे सहलेखकांना घेऊन कादंबऱ्या लिहिल्या आणि किर्कला जिवंत केलं. पण कादंबरी म्हणजे कच्चा लिंबू. खुद्द किर्क सांगतोय मी मेलो नाही, तरी धरत नाहीत! मी धरतो.

भाच्याने किर्कला कंसात घातलं. मला तेही चालेना, पण जाऊ दे.

"आणि स्पॉकचं दुसरं? २०१६?"

त्या सिनेमात स्पॉक दोन, एक तरुण आणि एक दुसऱ्या काळातून आलेला म्हातारा. तरुण स्पॉकला कळतं, की म्हातारा स्पॉक गेला. त्याच्या सामानातून एक डबी येते, उघडली तर आत जुन्या सगळ्यांचा ग्रुप फोटो. मरण पडद्यावर दाखवलेलंच नाही. दाखवणार कसं, म्हाताऱ्या स्पॉकचं काम करणारे लिओनार्ड निमॉय २७ फेब्रुवारी २०१५लाच गेले होते.

"परत येतो यात?"

"नाही."

"मग धरायचं?"

मी काही बोललो नाही. त्यानेही परत विचारलं नाही. स्पॉकपुढे दोनचा आकडा घातला, पेन तोंडात धरून जरा वेळ बसला आणि क्रिकेट खेळायला खाली निघून गेला.

संध्याकाळी दारात इस्त्रीवाले काका, हातात गठ्ठा. ताईने टेबलावरचा कागद उचलला, मोजणी केली, मग उलटून पाहिला आणि भुवया चढवून त्यांना म्हणाली, "काका, लाल शर्ट मोजले नाहीत असं लिहिलंय इथे. किती होते?"