दिवाळीनंतर शाळा रस्त्यापलीकडे भरेल

दिवाळीची सुट्टी संपल्यावर आपल्या प्राथमिक शाळेचे पहिली ते चौथीचे सर्व वर्ग समोरच्या गल्लीपलीकडे, आपल्याच संस्थेच्या माध्यमिक शाळेच्या इमारतीत भरतील आणि शाळेची वेळ दुपारी १२.४० ते सायंकाळी ५.४० अशी राहील. ही सूचना फाटकाजवळच्या फळ्यावर लिहिली त्याच दिवशी दोन माता मुख्याध्यापिका म्हणून माझ्या कार्यालयात शाळा सोडल्याचा दाखला मागायला आल्या. शाळा बंद होणार असे त्यांच्या चाळीत कोणीतरी सांगितले होते. लालबाग-परळच्या पालकांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चाळी रिकाम्या होताना, शेजार विरार-बदलापूरला जाताना आणि मराठी शाळांचे वर्ग एकेक करून मिटताना पाहिले आहेत, त्यामुळे त्यांच्या भीतीला मी अवास्तव म्हणणार नाही. म्हणून जे घडले आणि जे ठरले, ते सर्व येथे सविस्तर लिहीत आहे.

गोकुळाष्टमीच्या सुट्टीत दुसरीच्या वर्गातील छताचे प्लास्टर कोसळले. वर्गात कोणी नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शिपाईमामांनी दार उघडले तेव्हा खिडकीकडच्या रांगेतील तिसऱ्या बाकावर परातीएवढा तुकडा पडला होता, आणि वर छताच्या उघड्या पडलेल्या भागात तांबूस, पापुद्रे सुटलेल्या सळया दिसत होत्या. त्या बाकावर बसणाऱ्या दोन्ही मुलींची नावे मला पाठ आहेत. तो वर्ग मी त्याच तासाला बंद केला आणि मुलांना तळमजल्यावरच्या सभागृहात बसवले.

यात माझ्याकडून झालेली चूकही पालकांना कळली पाहिजे. याच छतावर दोन पावसाळ्यांपूर्वी ओल आली होती. त्या वेळी कंत्राटदाराने ओल कोठून येते हे न शोधता वरून प्लास्टर चढवले, रंग दिला आणि बिल ठेवले. रंग छान दिसत होता, म्हणून काम झाल्याच्या कागदावर मी सही केली. आत सळई गंजत असेल तर वरचे प्लास्टर दुखणे फक्त झाकते, हे मला तेव्हा कळले नाही. लोखंडापेक्षा गंज जास्त जागा व्यापतो, त्यामुळे गंजलेली सळई आतून फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर ढकलते. मुंबईची खारी, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत साठी ओलांडलेल्या इमारतीत हे घडणारच होते. ते वेळीच ओळखायला हवे होते.

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घ्यावी लागते. आपण सर्व जण तिला स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतो. संस्थेने ती लगेच हाती घेतली आणि दोन रविवार मी अभियंत्यांबरोबर प्रत्येक वर्गात फिरले. त्यांच्याजवळ काँक्रीटचा कठीणपणा मोजणारी यंत्रे होती आणि स्तंभांतून ध्वनिलहरी पाठवून आतील पोकळी शोधण्याचे साधनही होते. मात्र माझ्या लक्षात राहिली ती एक लहानशी हातोडी. बाजारात मडके घेताना आपण टिचकी मारून पाहतो, तसे ते तुळईवर हातभर अंतराने ठोकत जात होते. चांगल्या जागी टणक, भरीव आवाज येई आणि मधेच एखाद्या ठिकाणी तो एकदम बोदा होई. तेथे ते खडूने गोल काढीत. ज्या खडूने आम्ही बाराखडी लिहितो त्याच खडूचे गोल पहिल्या मजल्याच्या छतावर वाढत गेले, आणि चौथीच्या वर्गात मोजता मोजता मी थांबले.

तपासणीनंतर इमारतीची वर्गवारी केली जाते. सी-१ म्हणजे इमारत तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी धोकादायक. सी-२अ म्हणजे इमारत अंशतः किंवा पूर्ण रिकामी करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती. सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. आपली इमारत सी-२अ मध्ये आली आहे. ती पाडायची नाही. तुळया आणि स्तंभ यांवरील सैल काँक्रीट काढून, सळया घासून, जेथे झिजल्या असतील तेथे नव्या जोडून पुन्हा मजबूत आवरण चढवायचे आहे आणि गच्चीचे जलरोधन नव्याने करायचे आहे. हे काम चालू असताना तळमजल्यावरसुद्धा मुलांना बसवता येणार नाही, असे अभियंत्यांनी स्पष्ट लिहून दिले आहे. सर्व खर्च संस्था करणार असून त्यासाठी पालकांकडून एक रुपयाही घेतला जाणार नाही.

दुपारचीच वेळ का, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला गेला. माध्यमिक शाळा सकाळी भरते आणि सव्वाबाराला सुटते, त्यामुळे आपल्याला खोल्या मिळतात त्या दुपारीच. माध्यमिकचे वर्ग दुपारी नेऊन लहानांना सकाळी सात वाजता बोलवावे, असे काही पालकांनी सुचवले. परंतु चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असे शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्येच ठरवले आहे, आणि ते मला मनापासून पटते. सहा वर्षांचे मूल अर्धवट झोपेत प्रार्थनेला उभे राहिलेले मी इतकी वर्षे पाहिले आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे लागते. नव्या वेळेत मधली सुट्टी वगळूनही ते पूर्ण होते. शनिवारी शाळा साडेतीनला सुटेल.

नोकरीवर जाणाऱ्या मातांची अडचण मला ठाऊक आहे. सकाळी मुलाला शाळेत सोडून तशीच लोकल पकडणारी आई दुपारी १२.४० ला मुलाला कसे सोडणार? यावर पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही, पण निम्मे आहे: माध्यमिक इमारतीतील वाचनालयाची खोली सकाळी ९ पासून आपल्या मुलांसाठी उघडी राहील आणि तेथे आमच्या दोन शिक्षिका आळीपाळीने बसतील. ज्यांना गरज आहे त्यांनी वर्गशिक्षिकेकडे नाव द्यावे. सायंकाळी ५.४० ला डिसेंबरातही उजेड असतो, तरीही नाव नोंदवलेल्या व्यक्तीखेरीज कोणाच्याही हाती मूल दिले जाणार नाही. पालक सभेत एका विद्यार्थ्याच्या आजी उठून म्हणाल्या, “बाई, गिरण्या चालू होत्या तेव्हा आम्ही दुपारच्याच शाळेत शिकलो. पाळी सुटल्यावर बाप घ्यायला यायचा.” त्या बोलल्यावर सभेतील ताण पुष्कळ उतरला.

आता बाकांविषयी. माध्यमिकचे बाक मोठ्या मुलांच्या मापाचे आहेत. गेल्या आठवड्यात पहिलीच्या मुलांना मी तासाभरासाठी तेथे नेले आणि भिंतीशी उभी राहून पाहिले. सर्वांचे पाय अधांतरी लोंबत होते, हनुवटी जवळजवळ डेस्कला टेकत होती, आणि एक मुलगा ‘क’ गिरवण्यासाठी गुडघ्यांवर बसला होता. पाय टेकले नाहीत की मूल पाच मिनिटांत चुळबुळ करू लागते आणि आपण त्याला चंचल म्हणतो. म्हणून पहिली व दुसरीचे छोटे बाक आपण इकडून नेणार आहोत. त्यासाठी दोन खोल्या पूर्णवेळ आपल्याकडेच राहतील असे माध्यमिकच्या मुख्याध्यापकांनी आपण होऊन सांगितले. स्वतःच्या दोन तुकड्या त्यांनी प्रयोगशाळेत आणि चित्रकलेच्या खोलीत हलवल्या आहेत. त्यांचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत हे मला सुचत नाही. तिसरी-चौथीची मुले मोठ्या बाकांवर बसतील आणि त्यांच्या पायांखाली लाकडी पाट ठेवले जातील. फळा खाली घेतला आहे. हात धुण्याचे नळ उंच आहेत, तेथे पायरी बांधून होत आहे.

पोषण आहार थांबणार नाही. प्राथमिकच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण तेच राहील. बचत गटाच्या ताई डबे नव्या फाटकाशी आणतील. फक्त आहाराची वेळ बदलेल. काही मुले घरून न जेवता येतात, हे आम्हां शिक्षिकांना माहीत असते, त्यामुळे दुपारच्या शाळेत आहार मधल्या सुट्टीपर्यंत न थांबवता परिपाठ झाल्याबरोबर वाढला जाईल. वाढण्यापूर्वी चव घेऊन नोंदवहीत सही करण्यासाठी रोज एक पालक हवा आहे.

राहिला दाखल्याचा प्रश्न. पालकांनी मागितला तर दाखला मी अडवू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे तो विनाविलंब देणे माझे कर्तव्य आहे आणि मी ते करीन. परंतु शाळा बंद होत आहे या समजुतीने कोणी दाखला नेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शाळेची मान्यता तीच आहे, यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, तोच आहे, वर्गशिक्षिका त्याच आहेत. पटावरील मुलांच्या संख्येवरच संचमान्यतेत, म्हणजे शासनाच्या पदमंजुरीत, शिक्षकांची पदे ठरतात; भीतीपोटी दहा-बारा मुले गेली तर एखादी बाई अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत जाईल आणि दुरुस्त झालेल्या इमारतीत परतताना आपल्याजवळ खोल्या असतील, पण शिकवणारे माणूस कमी असेल. त्या दोघी मातांना मी हेच सांगितले. त्यांतील एकीने अर्ज परत घेतला. दुसरीने विचार करते म्हटले, आणि तिच्यावर मी पुन्हा दबाव आणणार नाही.

काम पावसाळ्यापूर्वी संपवण्याचे ठरले आहे, कारण उघड्या तुळयांवर पाऊस घेता येत नाही. ते संपले नाही तर जूनमध्येही शाळा पलीकडेच भरेल. अर्धवट दुरुस्त इमारतीत मी मुलांना बसवणार नाही.

सुट्टी लागण्याआधीच्या शनिवारी दुपारी चारपासून सामान हलवायचे आहे. बाक आणि कपाटे मंडळाचे कार्यकर्ते उचलतील, वाचनपेटीतील पुस्तके चौथीची मुले हातोहात साखळी करून नेतील. तिसरी-चौथीसाठी पाट अजून अकरा कमी आहेत. ज्यांच्या घरी माळ्यावर जुना, भक्कम पाट पडून असेल त्यांनी त्याच्या खालच्या बाजूला आपले नाव लिहून तो त्या दिवशी आणावा. शाळा परत आली की तो परत मिळेल.