आडवी आलेली अक्कल

एकतिसाव्या वर्षी माझी अक्कलदाढ काढली. गंगापूर रोडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला: बाईसाहेब शेजारच्या दाढेला डोकं टेकून चक्क आडव्या झोपल्या होत्या. घरी आल्यावर आई म्हणाली, "उशिरा आली अन् ती पण आडवी. तुझीच अक्कल ती!" साडेसहा हजार अक्कलखाती जमा.

आठवडाभर मिसळ बंद, मऊ भात चालू. तोंड शिवलेलं, त्यामुळे विचारच करत बसले. आपल्याकडे अक्कल निघते ती बहुतेक नसल्यावरच. "अक्कल आहे का?", "गहाण टाकलीस का?" शहाणपणाचंही तेच. एक असेल तर ठीक, दीड झाला की शिवी. आणि नुकसान झालं की ते ज्या खात्यात जमा होतं, त्याला आपण अक्कलखातं म्हणतो. ठेच लागल्याशिवाय शहाणपण येत नाही, हे आपण थेट जमाखर्चातच लिहून ठेवलंय.

'अक्कल' अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आली. अरबीतही ही बुद्धीचीच दाढ. ही दाढ साधारण सतरा ते पंचवीसच्या दरम्यान येते, म्हणून तुर्की लोक सरळ 'विसाव्या वर्षाचा दात' म्हणतात. हिशेब चोख, अकलेचा संबंध नाही. कोरियनमध्ये ती 'प्रेमाची दाढ'. (मामेबहीण कोरियन सिरियली बघते, ती हे ऐकून लाजली. का ते मी विचारलं नाही.) इंडोनेशियात ती 'शेंडेफळ दात'.

पण अडकले ते जपानी शब्दापाशी. ओयाशिराझु, म्हणजे आईबापांना न कळलेली. लेकरू एवढं मोठं झालेलं असतं की त्याच्या तोंडात काय उगवलं हे आता आईबाप बघत नाहीत. पूर्वी तोवर आईबापच हयात नसायचे, असंही कारण सांगतात.

आजीला हे सांगितलं. ती लसूण सोलत होती. नवव्या वर्षी तिचे वडील गेले, लग्नाआधी आईही. हातातली पाकळी तशीच धरून म्हणाली, "माझी दाढ आली तेव्हा चार दिवस गाल सुजला होता. सांगणार कोणाला? सासूला? लवंग धरली अन् भाकऱ्या थापल्या."

मग म्हणाली, "दाखव तुझी."

डबीत आणली होती. आजीने उजेडात धरली, उलटीसुलटी केली.

"एवढीशीच? कौलावर टाकायची का?"

"आजी, आपल्या वर अजून दोन मजले आहेत."