संगीन मिळते हो, म्यान आणि फ्रॉगचं काय? माझा अनुभव

मी इंग्लंडात शेफील्डला राहतो आणि गेली काही वर्षं जुन्या ब्रिटिश संगिनींचा नाद लागलाय. बहुतेकांची सुरुवात जिथून होते तिथूनच माझीही झाली, म्हणजे पॅटर्न १९०७, ली-एनफील्ड रायफलला लावायची ती १७ इंची पात्याची लांबलचक संगीन. पहिल्या महायुद्धात लाखोंनी बनल्या त्यामुळे आजही बाजारात भरपूर, आणि त्यातल्या सँडरसन आणि चॅपमनच्या तर आमच्या शेफील्डातच बनलेल्या, मग म्हटलं सँडरसनचीच घेऊ. पण खरं सांगू का, नुसती संगीन मिळणं काहीच नाही, तिच्या काळातलं म्यान आणि ते कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा फ्रॉग जमवताना जो काही घाम निघतो ना!

आधी संगिनीचं सांगून टाकतो. मुठीजवळ पात्यावर मुकुट, राजाची आद्याक्षरं, मग १९०७, त्याखाली महिना-वर्ष आणि कंपनीचं नाव असतं. मिलिटरी वस्तूंच्या जत्रेत बरेच विक्रेते '१९०७ सालची आहे साहेब' म्हणून बिनधास्त गळ्यात मारतात. ते मॉडेलचं साल आहे, बनवल्याची तारीख म्हणजे खालचा बारका आकडा. माझ्या संगिनीवर ५ १७ आहे, म्हणजे मे १९१७. मागच्या बाजूला सरकारी मालाची खूण म्हणून बाण आणि एक फुली, फुली म्हणजे पातं वाकवून टेस्ट केलंय. सुरुवातीच्या संगिनींना खाली वाकडा हुक असायचा, तो १९१३ मध्ये बंद केला, त्यामुळे हुक शाबूत असलेलीची किंमत कुठच्या कुठे जाते आणि म्हणूनच मागाहून वेल्डिंग करून हुक चिकटवलेल्याही फिरतात, भिंग घेऊनच जा. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, तिच्या टोकाला एक भोक असतं तेही १९१६ पासूनचं, म्हणजे १९१७ च्या संगिनीला ते नसेल तर विचारायचं का नाही म्हणून.

कायद्याचं म्हणाल तर १८ च्या वर असाल तर घरात ठेवायला अडचण नाही, पण योग्य कारणाशिवाय घेऊन रस्त्यावर फिरलात तर गुन्हा. मी जत्रेतून आणताना गुंडाळून डिकीत ठेवली, पावती वर, आणि मध्ये कुठे चहाला पण थांबलो नाही. ऑनलाइन घेतली तर दारात वयाचा पुरावा बघूनच देतात, २०१९ च्या कायद्यानंतर ते कडक झालंय. आई फोनवर म्हणाली घरात हत्यार कशाला रे, त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

आता म्यान. चामड्याचं, वर-खाली पोलादी टोप्या आणि मागे लांब शिवण. शंभर वर्षांत चामडं आकसतं, शिवण उसवते, टोकाची टोपी हलायला लागते. एका विक्रेत्याने 'ओरिजिनल सेट' म्हणून पाठवलेल्या म्यानात माझी संगीन तीन चतुर्थांश जाऊन अडकली, वर म्हणतो जोरात ढकला! परत पाठवलं. चामड्यावर पण कंपनीचा आणि तपासनीसाचा शिक्का असतो, सालही असतं, पण ते इतकं पुसट की टॉर्च आडवा धरून बघावं लागतं. शेवटी १९१६ चं मिळालं, थोडं तडकलेलं पण सरळ, आणि मी खूश.

फ्रॉगची गोष्ट अजून वेगळी. १९३७ च्या पॅटर्नचे कापडी फ्रॉग ढिगाने आणि स्वस्त मिळतात, दुसऱ्या महायुद्धात याच संगिनींना ते वापरलेही गेले, त्यामुळे विकणारा खोटं बोलतो असं नाही, पण १९१७ च्या सैनिकाचा सेट करायचा तर तो चालत नाही. हवा १९०८ च्या पॅटर्नचा, मिल्स कंपनीचा, विणलेल्या जाड पट्टीचा. नाहीतर १९१४ चा चामडी, जो आला तोच मुळी मिल्सला एवढ्या सगळ्या फौजेला पुरेल इतकं वेबिंग, म्हणजे ही जाड पट्टी, विणणं जमेना म्हणून. मी १९०८ चाच धरून बसलो आणि एका लिलावात भंगार पट्ट्यांच्या लॉटमध्ये तो निघाला, आत मिल्सचा शिक्का, वरून सैनिकांनी थापलेल्या ब्लँकोचा, म्हणजे पट्ट्यांना फासायच्या रंगाचा, हिरवट थर. धुवायचा मोह फार होतो पण धुवू नका, तो थर गेला की अर्धी किंमत गेली.

साफसफाईचं पण तेच. पात्याला हलकं तेल आणि अगदी बारीक स्टील वूल, बस्स, बफिंग मशीनवाल्यांना लांबूनच नमस्कार. आणि संगीन म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं, आतल्या आत गंज चढतो, मी दोन्ही वेगळे ठेवतो.

आता राहिलाय तो खंदक खोदायच्या छोट्या अवजाराचा दांडा अडकवायचा पट्टा, जो म्यानालाच बांधायचे. बाजारात जे दिसतायत ते बहुतेक नवे बनवलेले आणि भाव जुन्याचा, म्हणून तूर्त थांबलोय, कुणाकडे खरा असेल तर सांगा.