नेपल्सची चिनी माती

रविवार, रात्री

आज कपाट रिकामं करून सगळ्या मूर्ती पुसल्या. यांना फडकं मी लावतच नाही, रंगकामाचा मऊ ब्रश वापरते. पाकळीत दोरा अडकला की टवका उडालाच.

कापोदिमोंते, म्हणजे नेपल्सच्या राजवाड्याच्या नावाने ओळखली जाणारी ही चिनी माती; तिच्या मूर्तींवरची फुलं साच्यातून काढत नाहीत. मातीचा इवलासा गोळा बोटांनी दाबून पसरवायचा, कड जमेल तितकी पातळ करायची आणि एकेक पाकळी पातळ मातीने चिकटवायची. माझ्या फुलवालीच्या टोपलीतला एक गुलाब भिंगाखाली धरला, तर बाहेरच्या पाकळीवर बोट दाबल्याची खूण स्पष्ट दिसते. किती वेळ पाहत बसले!

या सगळ्याचं मूळ एका लग्नात आहे. नेपल्सचा राजा कार्लो याची राणी मारिया अमालिया ही जर्मनीतल्या सॅक्सनीची. युरोपातला पहिला अस्सल पोर्सेलीनचा (चिनी मातीचा) कारखाना, मायसेनचा, तिच्या आजोबांनी काढलेला. राजा-राणींनी 1743 मध्ये कापोदिमोंतेच्या राजवाड्याच्या आवारात भट्ट्या लावल्या. मायसेनसारखं केओलिन, म्हणजे पोर्सेलीनला लागणारी पांढरी माती, मिळेना, म्हणून इथली माती वेगळी, मऊ जातीची, दुधाळ झाली. मला तर मायसेनच्या कडक पांढऱ्यापेक्षा हा रंगच आवडतो. जुझेप्पे ग्रिच्ची हा मुख्य शिल्पी. नेपल्सजवळच्या पोर्तिचीच्या महालासाठी घडवलेली पोर्सेलीनची अख्खी खोली आज कापोदिमोंतेच्या संग्रहालयात आहे. भिंतीसुद्धा चिनी मातीच्या!

आणि 1759 मध्ये कार्लो स्पेनचा राजा झाला, तेव्हा ग्रिच्ची, बाकीचे कारागीर, साचे, माती सगळं माद्रिदला घेऊन गेला. सोळा वर्षांत खेळ आटोपला. हे वाचताना दर वेळी जीव हळहळतो. त्याच्या मुलाने, फेर्दिनांदोने, 1771 मध्ये नव्याने कारखाना काढला. रोमन 'एन' अक्षर आणि वर मुकुट हा शिक्का त्या दुसऱ्या कारखान्याचा. पुढे तो फ्लॉरेन्सजवळच्या जिनोरींनी वापरला, मग इतर कितीतरी जणांनी. त्यामुळे मुकुट दिसला म्हणून मूर्ती राजाच्या काळातली, असं मुळीच नसतं.

माझ्याकडचं सगळं विसाव्या शतकातलंच आहे आणि मला त्याचं काही कमी वाटत नाही. त्यातही झालरीवाल्या बायकांच्या मूर्तींपेक्षा मोच्याची मूर्ती जवळची. नेपल्सच्या गल्लीतल्या कोळ्यांना, भिकाऱ्यांना, फेरीवाल्यांना राजाच्या दिवाणखान्यात जागा मिळाली, ती या मातीमुळे. मोच्याच्या अंगठ्याचं नखसुद्धा कोरलंय!

सध्या एक पुल्चिनेल्ला, म्हणजे नेपल्सच्या नाटकांतल्या विदूषकाची मूर्ती, विकायला आहे. काळा अर्धा मुखवटा, बाकदार नाक, ढगळे पांढरे कपडे. विकणाऱ्याने शिक्क्याचेच फोटो धाडलेत. बोटांचे आणि नाकाचे जवळून घेतलेले मागवलेत. शिवाय अतिनील दिव्याखालचा एक, म्हणजे कुठे सांधून वर रंग फासला असेल तर तेवढाच भाग वेगळा चमकेल. नाक मूळचं निघालं, तर घेणारच.