उजव्या बाजूबद्दल

मंगळवार, रात्री

डॉक्टर म्हणाल्या, "बेकर ग्रेड थ्री." स्तनातल्या इम्प्लांटभोवती किती कडकपणा आलाय, ते एक ते चारमध्ये सांगायची ही पट्टी. खरं तर घाबरायला हवं होतं, पण ऐकून मला आधी हायसं वाटलं. वर्षभर मी सांगतेय की छातीची उजवी बाजू, जिथे माझं इम्प्लांट आहे, ती कडक होत चाललीये, वर सरकलीये. जिथे ऑपरेशन झालं तिथून फोनवर एकच उत्तर मिळायचं, "दिसायला छान आहे की मॅडम, सवय होईल." गंगापूर रोडच्या या डॉक्टरांनी आज दोन्ही बाजू नीट दाबून पाहिल्या, हात वर करायला लावले, आरशासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, तुम्ही सांगताय ते अगदी बरोबर आहे. बाहेर आले तेव्हा डोळे भरून आले होते. पार्किंगमध्ये थोडा वेळ तशीच थांबले.

मागचं एकदा नीट लिहून ठेवते. माझी उजवी बाजू वयात येताना वाढलीच नाही. डावी वाढली, उजवी राहिली. अकरावीपासून ओढणी पिनेने घट्ट, पोहायला जाणं बंद, ब्लाऊज शिवताना उजवीकडे जास्तीचा कप. पंचवटीतल्या आमच्या शिंपीणबाई कधी एका शब्दाने काही बोलल्या नाहीत, न सांगता कप घालून द्यायच्या. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. २०१८ मध्ये नोकरीच्या पैशांतून मी त्या एका बाजूला इम्प्लांट बसवून घेतलं. सिलिकॉनचं, २२५ सीसी, स्तनग्रंथीच्या खाली पण स्नायूच्या वर. पहिली काही वर्षं फार सुखाची गेली. लग्नातला ब्लाऊज दोन्हीकडून सारखा बसला होता, तो आनंद खरा होता. तेव्हाचा निर्णय माझा होता आणि मला तो आजही पटतो.

मग बाळ झालं. डाव्या बाजूने मी भरपूर दूध पाजलं, ती बाजू पाजणं थांबल्यावर सैल पडली, खाली उतरली. उजवी होती तिथेच राहिली आणि हळूहळू गोल, घट्ट होत गेली. दिवाळीचा ब्लाऊज शिवायला गेले तेव्हा बाईंनी दोन्हीकडचे टक्स वेगवेगळ्या उंचीवर घेतले, तरी उजवीकडे कापड ताणलं जातं आणि काखेजवळ चुणी पडते. त्यांनी तो दोनदा उसवला. शेवटी म्हणाल्या, "ताई, कापडाचा दोष नाही हो." ते मलाही कळत होतं.

त्यापेक्षा जास्त सलतात त्या इतर गोष्टी. सकाळच्या शिफ्टला सातपूरला स्कूटरवरून जाते, नाशिकची थंडी आता चांगलीच पडायला लागलीये, आणि कंपनीत पोहोचेपर्यंत उजवी बाजू आतून गार पडलेली असते. स्वेटरवरून हात ठेवला तरी जाणवतं. डॉक्टर म्हणाल्या, इम्प्लांटवर अंगचं आवरण पातळ असेल तर असं होतं. पालथं झोपता येत नाही. आणि छोटू माझ्या कुशीत शिरताना उजवीकडे डोकं टेकवतो, मग उठून पलीकडे जातो. "इकडे टोचतं," म्हणतो. तीन वर्षांचं पोर, त्याच्या मनात काही नसतं. माझ्या मनातून मात्र ते जात नाही.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आत काहीही परकं बसवलं की शरीर त्याच्याभोवती पडदा तयार करतं. तो प्रत्येकीच्या शरीरात तयार होतो. काहींच्यात तो जाड होऊन आवळायला लागतो. पहिल्या ग्रेडला सगळं मऊ, दुसऱ्याला हाताला थोडं घट्ट, तिसऱ्याला कडक आणि आकार बदललेला दिसतो, चौथ्याला त्यात दुखणंही येतं. माझ्यासारखं ग्रंथीखाली ठेवलेलं असेल तर हे स्नायूखालच्यापेक्षा जास्त होतं. पूर्वी काही जण बाहेरून जोरात दाबून तो पडदा फोडायचे, त्याने इम्प्लांट फुटू शकतं, म्हणून तसं कुणालाही करू देऊ नका, असं त्यांनी दोनदा बजावलं.

मी क्वालिटीत काम करते, त्यामुळे ऑपरेशनच्या वेळचं कार्ड फाइलमध्ये जपून ठेवलं होतं. आज ते टेबलावर ठेवलं. छोटासा स्टिकर, त्यावर लॉट नंबर, सिरियल नंबर, आकार आणि ‘टेक्श्चर्ड’, म्हणजे खरखरीत, असा शब्द. डॉक्टर तिथे थांबल्या. अशा खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवतीच्या पडद्यात क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, होतो, स्तनाच्या नेहमीच्या कॅन्सरपेक्षा वेगळा. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एफडीएने, सांगितल्यावर जुलै २०१९ मध्ये एका कंपनीने तिचे असे इम्प्लांट जगभरातून परत घेतले. माझं त्या कंपनीचं नाही, हे त्यांनी कार्डावरून लगेच पाहिलं. शिवाय काही त्रास नसेल तर ते परत घेतलेलेसुद्धा केवळ भीतीने काढून टाका, असं एफडीएने सांगितलेलं नाही. मात्र अचानक सूज आली, गाठ लागली, पाणी साठल्यासारखं वाटलं, तर एक दिवसही थांबायचं नाही. जीव भांड्यात पडला खरा, पण मला राग आला तो वेगळ्या गोष्टीचा. सिलिकॉनचं इम्प्लांट आत फुटलं तर कळतही नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी, असा सल्ला आहे. मला आता सात वर्षं होऊन गेली. वर्षभराच्या फोनांत "सवय होईल" म्हणणाऱ्यांना एकदा एमआरआयचं नाव काढता आलं नाही?

इम्प्लांट ही जन्मभराची वस्तू नाही, हे वाक्य ऑक्टोबर २०२१ पासून अमेरिकेत ठळक इशारा म्हणून प्रत्येकीला दाखवावं लागतं. आपल्याकडेही प्रत्येक बाईला ते पहिल्याच भेटीत, पैशांचं बोलणं निघायच्या आधी, सांगायला हवं. त्याने कुणी माघारी जाणार नाही. मीही गेले नसते. पण आजच्या दिवसाची मनाची तयारी झाली असती.

आता पुढचे रस्ते. पडदा आणि जुनं इम्प्लांट काढून स्नायूखाली नवं, गुळगुळीत पृष्ठभागाचं बसवायचं आणि डावी बाजू उचलून घ्यायची. आरशात सगळ्यात चांगलं हेच दिसेल. पण एकदा आवळलेल्या बाजूला पुन्हा आवळण्याचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, आणि पुढे कधीतरी तेही बदलावं लागणारच. दुसरा, इम्प्लांट काढून मांडीची किंवा पोटाची चरबी भरायची. त्यातली काही शरीर शोषून घेतं, म्हणून एकापेक्षा जास्त वेळा करावं लागू शकतं, पूर्वीएवढा आकार येईलच असं नाही, आणि चरबीच्या छोट्या गाठी पुढे मॅमोग्राफीत दिसू शकतात. तिसरा, नुसतं काढून टाकायचं आणि कपवाल्या ब्लाऊजकडे परत जायचं. मेडिक्लेम बहुधा मिळणार नाही, माझ्या पॉलिसीत प्लास्टिक सर्जरी अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची, नाहीतर तब्येतीला थेट धोका असेल तरच धरतात. वयात येताना पडलेल्या अशा फरकाला त्यात जागा नाही, हा अन्यायच आहे.

माझा कल दुसऱ्या रस्त्याकडे आहे. सव्विसाव्या वर्षी मला दोन्ही बाजू सारख्या हव्या होत्या. आज मला मऊ हवंय, पालथं झोपता यावं एवढं हवंय, आणि सारख्या नसल्या तरी चालेल असं पहिल्यांदाच मनापासून वाटतंय.

आईला फोन केला. "देवाने दिलं तसं राहू द्यायचं होतंस गं," म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही आणि विचारलं, "दुखतं का?" मी नाही म्हटलं. "मग घाई करू नको. आणि करायचं ठरलं तर मी येते महिनाभर." आईचं हे असंच असतं, आधी बोलते आणि मग पदर खोचून उभी राहते.

पण खरा पेच निघताना समोर आला. डॉक्टरांनी सहज विचारलं, दुसऱ्या बाळाचा विचार आहे का? कारण डावी बाजू उचलली तर पुढे पाजायला अडचण येऊ शकते, आणि गरोदरपणात आकार पुन्हा बदलतो, केलेलं काम बिघडतं. म्हणून बाळ हवं असेल तर आधी बाळ, पाजणं थांबल्यावर काही महिने जाऊ द्यायचे, मग डावीचं ऑपरेशन. उजवी मात्र एमआरआयवर अवलंबून. फुटलेलं निघालं तर ते आताच काढायचं. शाबूत असेल तर थांबता येईल.

रात्री जेवणं झाल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. "तुझं शरीर आहे, तू सांगशील तसं," म्हणाले. प्रेमानेच म्हणाले, पण मी म्हटलं, ऑपरेशनचं मी ठरवेन, बाळाचं एकटीने कसं ठरवू? त्यावर ताट तसंच हातात धरून उभे राहिले. मग म्हणाले, मला हवंय दुसरं, पण तू परत त्या सगळ्यातून जावंस असं वाटत नाही, म्हणून मी कधी विषय काढला नाही. मीही काढला नव्हता, मलाही हवंय.

सोमवारचा एमआरआय ठरलाय, मुंबई नाक्याजवळ. शिफ्ट बदलून घेतली, छोटूला वहिनी सांभाळणार आहेत. कार्डाची झेरॉक्स काढून ठेवलीये. जुन्या हॉस्पिटलला ऑपरेशनच्या नोंदी मागायचं पत्र लिहिलंय, उद्या स्पीड पोस्टाने टाकते.