तुम्ही विचारलंत म्हणून : सव्वीस नोव्हेंबरनंतरचा देश

गोव्यातील पेडणे तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते. दरवर्षी 26 नोव्हेंबरला आमच्याकडे संविधान दिन साजरा होतो, उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते आणि त्यानंतर मुंबईवरील हल्ल्यात मरण पावलेल्यांसाठी दोन मिनिटे उभे राहतो. वर्गात परतल्यावर कोणीतरी हमखास विचारते, "टीचर, त्या हल्ल्यानंतर देश बदलला असे तुम्ही नेहमी म्हणता, पण म्हणजे नेमके काय बदलले?" आता माझ्यासमोर बसणारी मुले 2008 नंतर जन्मलेली आहेत. बदलाच्या आधीचा देश त्यांनी पाहिलेलाच नाही. तासाच्या उरलेल्या पाच मिनिटांत या प्रश्नाचे उत्तर कधीच पुरे होत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहिते.

2008 च्या त्या रात्री समुद्रमार्गे आलेल्या दहा अतिरेक्यांनी मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनस, कामा रुग्णालय, लिओपोल्ड कॅफे, नरिमन हाऊस, ताज आणि ट्रायडंट-ओबेरॉय या ठिकाणी हल्ले केले. 29 तारखेच्या सकाळी ताजमधील चकमक संपेपर्यंत 166 माणसे मृत्युमुखी पडली होती. मी तेव्हा पणजीला महाविद्यालयात शिकत होते आणि त्या आठवड्यात शहरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, चालू होता. आमच्या तालुक्यातील कितीतरी घरांप्रमाणे आमच्याही घरचे एक माणूस मुंबईत होते. माझे मामा रोज सीएसटीवरूनच घरी परतायचे. त्यांचा फोन रात्री एक वाजता लागला. सीएसटीवर विष्णू झेंडे या उद्घोषकाने जिवाची पर्वा न करता सतत सूचना देऊन प्रवाशांना बाहेर काढले, हे आम्हाला नंतर समजले. त्या आवाजामुळे वाचलेल्या अनेकांपैकी आपला माणूसही एक असेल का, हा विचार आमच्या घरात अजूनही अधूनमधून निघतो. दुसऱ्या दिवशी महोत्सवाच्या दारावर पिशव्या तपासायला सुरुवात झाली आणि डिसेंबरात सरकारने नववर्षाच्या काळातील किनाऱ्यावरच्या खुल्या पार्ट्यांवर बंदी घातली. हे सगळे तात्पुरते आहे, असेच तेव्हा आम्ही सर्वजण धरून चाललो होतो.

देशाचा बदल समजून घ्यायचा असेल तर या 'तात्पुरते' शब्दाकडे नीट पाहावे लागते. हल्ल्याला महिना पुरा होण्याआधीच संसदेने दोन विधेयके मंजूर केली. एकाने राष्ट्रीय तपास यंत्रणा, म्हणजे एनआयए, अस्तित्वात आली. दुसऱ्याने बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, ज्याला सगळे यूएपीए म्हणतात, कडक केला : आरोपपत्र दाखल न करता आरोपीला 180 दिवसांपर्यंत कोठडीत ठेवण्याची मुभा मिळाली, आणि आरोप प्रथमदर्शनी खरा वाटत असेल तर जामीन देऊ नये, असे बंधन न्यायालयावर आले. याआधीही असे कायदे झाले होते. 1985 चा टाडा 1995 मध्ये मुदत संपून गेला. संसदेवरील हल्ल्यानंतर 2002 मध्ये आलेला पोटा 2004 मध्ये रद्द झाला. त्या दोन्ही कायद्यांना निदान मुदत घातलेली होती, त्यामुळे तो कायदा पुढे चालू ठेवायचा की नाही यावर ठरावीक काळाने संसदेला बोलावे लागत असे. 2008 च्या दुरुस्तीला अशी मुदत नाही. माझ्या मते त्या वर्षाने देशात केलेला सर्वांत खोल बदल हाच आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. भीतीच्या दिवसांत केलेल्या कायद्याला परतीची तारीख असायला हवी, असे मला मनापासून वाटते. दहशतवाद सौम्यपणे हाताळावा असे त्याचा अर्थ लावणाऱ्यांना मी प्रत्येक वेळी सांगते की सीएसटीवर माझे मामा होते.

पण मुलांना कायद्यापेक्षा समुद्राबद्दल सांगितलेले लवकर कळते, कारण केरी, मोरजी, हरमल या गावांतून येणारी कितीतरी मुले गाबित आणि खारवी या मासेमार समाजांच्या घरांतील आहेत. अतिरेक्यांनी पोरबंदरचा 'कुबेर' हा मासेमारी ट्रॉलर भर समुद्रात ताब्यात घेतला, त्यावरील खलाशांना मारले, मुंबईजवळ पोहोचल्यावर तांडेलालाही, म्हणजे ट्रॉलर चालवणाऱ्या प्रमुखालाही, मारले आणि मग रबरी होडीतून ते कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. या हल्ल्यात सर्वांत आधी बळी पडले ते मासेमारच, आणि त्या दहा जणांना किनाऱ्यावर पहिल्यांदा हटकले तेही वस्तीतल्या लोकांनीच. तरीही पुढच्या काही वर्षांत संशयाची नजर पडली ती मासेमारांच्या होड्यांवर.

2009 मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली, सागरी पोलीस ठाणी वाढली, मासेमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे मिळाली, प्रत्येक होडीची नोंदणी सक्तीची झाली आणि राज्यानुसार होड्यांना वेगवेगळे रंग ठरले. वीस मीटरपेक्षा लांब ट्रॉलरवर आपली जागा कळवणारे यंत्र बसवणे आवश्यक झाले. 'सागर कवच' या नावाने सराव सुरू झाले. त्यात सुरक्षा दलांचीच एक तुकडी मासेमारी होडीतून गुपचूप किनाऱ्यावर येण्याचा प्रयत्न करते आणि दुसऱ्यांनी तिला अडवायचे असते. या सरावाच्या दिवसांत माझ्या मावसभावाच्या ट्रॉलरला पणजीजवळच्या मालीमच्या जेटीपर्यंत पोहोचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण वाटेत त्याला पुन्हा पुन्हा थांबवले जाते. तो तक्रार करत नाही. त्याचे म्हणणे एवढेच की, आम्हाला देशाचे डोळे आणि कान म्हणतात, मग आमच्याशी तसे बोलावेही. त्याच्या ट्रॉलरवरील बहुतेक खलाशी ओडिशा आणि झारखंडमधून येतात. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते तेव्हा ते गावी जातात आणि ऑगस्टात परत आले की कागदपत्रांची फेरी पुन्हा सुरू होते. ज्याच्याकडे गोव्यातला मतदार म्हणून पत्ता आहे त्याला "कार्ड खंय आसा?" (कार्ड कुठे आहे?) असे विचारतात, ज्याची भाषा वेगळी आहे त्याला त्याच प्रश्नाला तीन वेळा उत्तर द्यावे लागते. पहारा आवश्यक आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही, कारण ज्या वाटेने ते दहा जण आले ती वाट खरोखरच उघडी होती. मात्र पहाऱ्याचे ओझे सर्वांवर सारखे पडत नाही, आणि ज्याच्यावर ते कमी पडते त्याला देश बदलल्याचे जाणवतही नाही.

संशय कसा पसरतो हे मी गोव्यातच पाहिले. 16 ऑक्टोबर 2009 रोजी, नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, गावोगावी नरकासुराचे पुतळे उभे असताना मडगावात स्कूटरवरून नेली जाणारी स्फोटके फुटली आणि ती नेणारे दोघे मरण पावले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ज्या बसमध्ये होते तिच्यात नेमके काय घडले याची कोणालाच माहिती नव्हती, तरीही कोणत्या धर्माच्या माणसांनी ते केले असणार हे मात्र जवळजवळ सर्वांनी ठरवून टाकले होते. मृतांची नावे कळली तेव्हा तो अंदाज चुकीचा निघाला. माझ्या शेजारी बसलेली, त्या समाजाची माझी वर्गमैत्रीण संपूर्ण प्रवासात खिडकीबाहेर पाहत होती. त्या दिवशी मीही काही बोलले नाही, ही गोष्ट मला आजही टोचते. तो तपास पुढे एनआयएकडे गेला आणि 2013 मध्ये विशेष न्यायालयाने सहा आरोपींना निर्दोष सोडले. कोण दोषी होते यावर माझे मत देण्याचा मला अधिकार नाही. बसमधील ती पहिली दहा मिनिटे मात्र मी वर्गात दरवर्षी सांगते.

आता ज्याचा मला अभिमान वाटतो त्याबद्दल. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर गोळ्या अंगावर झेलत कसाबची बंदूक धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. त्यानंतर देशाने त्याच्यावर रीतसर खटला चालवला. लोक चिडून विचारत, याच्यावर एवढा खर्च कशाला? पण आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात साक्षी झाल्या, त्याला वकील मिळाला, मे 2010 मध्ये शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्याला तिची अंमलबजावणी झाली. आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात नसते : त्याच खटल्यात, त्याच निकालात, दोन भारतीय आरोपींना पुरावा अपुरा म्हणून न्यायालयाने निर्दोष ठरवले. सगळा देश संतापलेला असताना एका न्यायाधीशाने 'पुरावा अपुरा आहे' असे लिहिणे, हे मला त्या काळातील सर्वांत धीराचे काम वाटते. मुंबईतील मुस्लिम संस्थांनी नऊ मृत अतिरेक्यांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिला, तेही त्याच काळातील. बसमधल्या माणसांना हे माहीत असते तर, असे मला अनेकदा वाटते.

जे झाले नाही तेही सांगायला हवे. महाराष्ट्र सरकारने पोलिसांच्या प्रतिसादाची तपासणी करण्यासाठी राम प्रधान समिती नेमली, पण गुप्तवार्ता, तटरक्षक, नौदल, केंद्र आणि राज्य या सगळ्यांमध्ये कुठे काय चुकले याचा एकत्र शोध घेणारा राष्ट्रीय आयोग आपण कधीच नेमला नाही. केंद्रीय गृहमंत्री आणि मुख्यमंत्री यांनी राजीनामे दिले आणि हिशेब पुरा झाला असे मानले गेले. खलाशाला मात्र आपला हिशेब दर फेरीला जेटीवर द्यावा लागतो.

आणि देशाचा संयम बदलला. 2008 मध्ये भारताने लष्करी उत्तर दिले नाही. उरीनंतर 2016 मध्ये, पुलवामानंतर 2019 मध्ये आणि पहलगामनंतर 2025 मध्ये दिले. 2025 च्या मे महिन्यात बारावी झालेला एक मुलगा मला म्हणाला, "टीचर, असे हल्ल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत होतेच ना?" त्याच्या दृष्टीने ती नेहमीची रीत होती. तो चुकीचे बोलत होता असे मी म्हणणार नाही; 2008 मध्ये किती दिवस आम्ही काय होणार याची वाट पाहत होतो आणि काहीच झाले नाही, तेव्हा कित्येकांना हायसे वाटले आणि कित्येकांना अपमान वाटला, एवढेच मी त्याला सांगू शकले.

गेल्या वर्षी मी मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारून यायला सांगितले : कार्ड नव्हते तेव्हा समुद्रावर कसे जात होता? केरीच्या एका मुलीने आजोबांचे उत्तर वहीत उतरवून आणले. तेरेखोल नदीच्या पलीकडे, रेडीला, त्यांच्या बहिणीचे सासर आहे. पूर्वी चतुर्थीला किंवा कोणाच्या बारशाला ते आपली होडी घेऊन समुद्रातूनच पलीकडे जायचे, संध्याकाळी परतायचे आणि कोणाला सांगायची गरज पडत नसे. आता त्यांच्या होडीचा रंग गोव्याचा आहे आणि मेहुण्याच्या होडीचा महाराष्ट्राचा. परवानगी मिळत नाही असे नाही, असे आजोबांनी सांगितले. पण विचारणा होईल म्हणून ते हल्ली केरीहून फेरीबोटीने नदी ओलांडतात आणि पुढे बसने जातात. मुलीने खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले होते, "मला वाटत होते की आजोबांना होडीचा कंटाळा आला आहे."