घरमालकाने येण्याआधी कळवायचं, पण किती आधी?

मे संपत आला की अकरा महिन्यांच्या करारांची गडबड सुरू होते. भाडं, अनामत, पुढच्या वर्षीची वाढ यांवर तासन्‌तास घासाघीस चालते. घराच्या पाहणीचं कलम मात्र कुणी धड वाचतही नाही, आणि वर्षभराची कटकट बहुतेक वेळा तिथूनच निघते. म्हणून आज तेवढंच लिहून ठेवावंसं वाटलं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २८ प्रमाणे मालकाला घर पाहण्याचा हक्क आहे, पण वेळ वाजवी हवी आणि आधी सूचना दिलेली हवी. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे अकरा महिन्यांच्या परवाना-करारावर, दिलेलं घरही यात येतं. 'लायसन्स म्हणजे नुसती परवानगी, ताबा माझाच, मी केव्हाही येईन' असं ठामपणे सांगणारे मालक पदोपदी भेटतात. कायद्याच्या भाषेत ताबा कुणाचा हा प्रश्न वेगळा. न कळवता दुसऱ्या किल्लीने दार उघडायची मुभा त्यातून मिळत नाही.

अडचण अशी, की किती तास आधी कळवायचं हे कलम सांगत नाही. नोंदणीच्या ठरावीक मसुद्यातही 'वाजवी सूचना' एवढंच असतं. मग जिन्यातून केलेला फोन मालकाला वाजवी वाटतो, आणि घरात एकटीच असलेल्या मुलीला दोन दिवसही कमी वाटतात. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात ही संदिग्धता नाही: किमान २४ तास आधी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून, कारण, दिवस आणि वेळ सांगून, सूर्योदयाआधी नाही, सूर्यास्तानंतर नाही. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. पण त्यातला आकडा आपल्या करारात घालायला कुणाची आडकाठी आहे?

नोंदणीसाठी थंब (अंगठ्याचा ठसा) देण्याआधी एजंटकडून मसुदा मागून घ्यावा आणि हे वाक्य घालायला लावावं: 'पाहणी किंवा दुरुस्तीसाठी मालक किमान २४ तास आधी व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा लेखी कळवतील, सोबत कोण येणार ते सांगतील, आणि सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळात, भाडेकरू किंवा त्यांनी सांगितलेली व्यक्ती घरी असतानाच आत येतील.' नोंदणी झाल्यावर हेच मागायला गेलं की 'आता कशाला विषय काढता' असं ऐकावं लागतं.

चांगली सूचना दोन ओळींची असते. 'शनिवारी ११ ते १२, बाथरूमच्या छताची गळती बघायला येतोय. सोबत प्लंबर असेल.' 'उद्या येऊन जातो' ही सूचना नव्हे; त्यात ना वेळ, ना काम.

आग, गॅसगळती, खालच्या घरात धो धो पाणी, अशा वेळी थांबायचं नसतं. तरी बंद घराचं दार उघडण्याआधी बाहेरून काय बंद करता येतं ते बघावं. बऱ्याच इमारतींत त्या घराच्या लाइनचा व्हॉल्व्ह गच्चीवर किंवा डक्टमध्ये असतो आणि विजेचा मेन तळमजल्यावर मीटरपाशी. आत जावंच लागलं तर भाडेकरूला फोन करून, सोसायटीचा माणूस सोबत घेऊन आणि आधी मोबाइलवर चित्रण सुरू करून.

सर्वांत जास्त वाद शेवटच्या महिन्यात होतात, एजंट नवीन गिऱ्हाईक घेऊन येतात तेव्हा. आठवड्यातल्या दोन वेळा आधीच ठरवून टाकाव्यात, शनिवार-रविवार ११ ते १ अशा. सामान दिसेल असे फोटो काढायचे नाहीत, हेही सांगून ठेवावं.

भाडेकरूनेही दार अडवून धरणं बरोबर नाही. घर दुरुस्त ठेवणं कलम १४ प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे, आणि आत येऊच दिलं नाही तर ती पार कशी पडणार? ओल आठवडाभरात प्लास्टर फुगवते, मग अनामतीतून किती कापायचे यावर भांडण. दिलेली वेळ जमत नसेल तर नुसता नकार न देता त्याच मेसेजखाली दुसरी वेळ लिहावी.

मालक न सांगता येऊन गेलेच, तर त्याच दिवशी तारीख-वेळ टाकून शांत शब्दांत मेसेज करावा आणि कलम २८ चा उल्लेख करावा. पुन्हा घडलं तर हाच मजकूर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. धमकावणं किंवा पाणी-वीज तोडणं सुरू झालं, तर विषय पाहणीचा उरत नाही. पाणी-वीज तोडण्याविरुद्ध कलम २९ आहे आणि धमक्यांसाठी पोलीस ठाणं.